शंभरात नऊ

सर्जेकोटच्या जेटीवर बाबल तारी
पाटीकडे नुसतं बघून सांगतो, 'बावीस किलो.'
काटा म्हणतो बावीस किलो दोनशे.
आणि मी, एकोणीस वर्षं फिजिक्स शिकवून,
त्याच्याच मुलीचं काय होणार ते सांगू शकत नाही.

केतकी समोर बसली आहे, प्रयोगशाळेतल्या
एक पाय आखूड असलेल्या स्टुलावर.
लॅपटॉपवर मी भरलेले तीन रंग:
हिरवा, जिथे मिळेलच.
पिवळा, जिथे मिळायला हवं.
तांबडा, जिथे शंभरातल्या नऊंना घेतात
आणि उरलेल्यांना फार सभ्य पत्र पाठवतात.
तिने बोट ठेवलंय तांबड्यावर.
नखाशी एक खवलं चिकटलेलं, चकाकतं.

गुण चांगले. इंग्रजी बरं.
वादविवाद नाही, पियानो नाही,
सुट्टीत कुठलं शिबिर नाही.
सुट्टीत ती रापणीवर होती.
'इतर उपक्रम' या रकान्यात दीडशे अक्षरं मावतात
आणि तिच्यापाशी आहेत तीन वह्या:
तारीख, भरतीची वेळ, वारा मतलई की खारा,
काय आलं, किती आलं,
तारलीची लांबी पट्टीने, मिलिमीटरमध्ये.
एका पानावर फक्त:
'आज काहीच नाही. शून्य लिहावं का? लिहिलं.'

आम्ही मजकूर बसवत गेलो. दोनशे बारा अक्षरं झाली.
ती म्हणाली, 'वारा काढूया.'
मी म्हटलं, वारा राहू दे,
'सरांच्या मार्गदर्शनाखाली' काढ.

तिला माहीत नाही हर्षद खवणेकर.
आठ वर्षांपूर्वी याच स्टुलावर बसून त्याने विचारलं होतं,
आणि मी, आकडे दाखवत, अगदी मायेने म्हणालो होतो,
'उगाच फीचे पैसे घालवू नकोस.'
त्याने फॉर्म भरला नाही.
त्या वर्षी यादी दीड गुणाने खाली उतरली.
आता तो जेटीवर बर्फ फोडतो,
मला बघितलं की दोन बांगडे जास्त टाकतो पिशवीत.
रागावत नाही.
ते बांगडे मला शिजवता येत नाहीत नीट.

काल बाबलला विचारलं, तुमचा अंदाज चुकत कसा नाही?
तो हसला. 'चुकतंय मी, सर.
चुकलेला कोण लक्षात ठेयता?'
मग जाळ्यातला खेकडा सोडवत, माझ्याकडे न बघता,
'तिचा काय ता खरा सांगा.
नाय जमला तरी चलात.
पण तुम्ही आधीच नाय म्हणा नको.'

रात्रीचे अकरा. मुदत बारापर्यंत.
रेंज फक्त कॉलेजच्या गच्चीवर, टाकीच्या उत्तरेला,
म्हणून आम्ही दोघं तिथे, लॅपटॉप टाकीवर ठेवून,
आणि बाबल जिन्यात, बॅटरी घेऊन, कारण नसताना.

शेवटचा रकाना माझा.
'आपण शिकवलेल्या विद्यार्थ्यांत ही विद्यार्थिनी कुठे बसते?
वरच्या पन्नास टक्क्यांत, दहात, पाचात, एकात?'
कोणी लिहिला असेल हा प्रश्न,
किती मुलं असतील त्याच्या वर्गात?
माझ्याकडे यंदा अकरा.
अकराचा एक टक्का म्हणजे
एका माणसाचा नववा हिस्सा,
जेमतेम एक हात, खांद्यापासून बोटांपर्यंत.

मी त्या हाताकडे बघितलं.
तो टाकीवर वही दाबून धरत होता,
पानं उडू नयेत म्हणून.
वारा मतलई होता. नोंद तिने आधीच केली होती.

मी 'एक'वर खूण केली.